मागाचे तास आणि अणूची वीज



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. कविता लिहिणाऱ्या माणसाने अणुवीज केंद्रांवर काय बोलावे? माझे शिक्षण बी. ए.पर्यंतचे, तेही मराठी घेऊन. न्यूट्रॉन मी पाहिलेला नाही. तसा तो डोळ्यांनी कोणीच पाहिलेला नाही म्हणा! पण मी विट्याचा आहे. आमच्या गावात अजानीइतकाच आणि काकडआरतीइतकाच ओळखीचा आवाज म्हणजे यंत्रमागांचा खडखडाट. हा आवाज थांबला की झोपलेला माणूस जागा होतो. विजेचा एक तास म्हणजे किती मीटर कापड आणि किती मीटर कापड म्हणजे किती भाकरी, हा हिशेब आमच्याकडे पोराटोरांनाही येतो. त्या हिशेबाच्या जोरावरच मी आज बोलणार आहे.

तज्ज्ञ मंडळी अधूनमधून एक विधान करतात. देशातली अणुवीज केंद्रे अधिक कार्यक्षमतेने चालवली, तर खनिज तेलावरचे आपले अवलंबन कमी होईल. विधान ऐकायला गोड आहे. आपण वापरतो त्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून येते. आखातात कुठे तोफ डागली गेली की आपल्या एस.टी.च्या तिकिटापर्यंत तिचा धूर पोहोचतो. तेव्हा या विधानात तथ्य किती आणि भाबडेपणा किती, हे तपासून पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट स्पष्ट करू. आपल्या देशात वीज मुख्यतः कोळशावर तयार होते, तेलावर नव्हे. डिझेल जाळून ग्रीडला दिली जाणारी वीज एक टक्काही भरत नाही. त्यामुळे तारापूरला एक युनिट जास्त तयार झाले की मुंबईच्या बंदरात तेलाचे एक पिंप कमी उतरले, असे सरळ गणित मांडता येत नाही. अणुवीज वाढली तर आधी कोळसा वाचतो. तेल वाचण्याचा रस्ता वळणावळणाचा आहे आणि तो आपल्या घरावरून, शेतावरून, कारखान्यावरून जातो.

काही देशांत हा रस्ता सरळ होता. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली आणि काही महिन्यांत तेलाचा भाव तीन डॉलरच्या आसपासून बाराच्या घरात गेला. त्या वेळी फ्रान्समध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास वीज तेलावर तयार होत होती. पंतप्रधान पिएर मेस्मेर यांच्या सरकारने १९७४ मध्ये एकामागोमाग एक अणुभट्ट्या बांधण्याचा कार्यक्रम हाती घेतला. पंधरा वर्षांत फ्रान्सची सत्तर टक्क्यांहून अधिक वीज अणूपासून मिळू लागली आणि विजेसाठी तेल जाळणे जवळपास थांबले. तिथे अणूने खरोखरच तेलाला हटवले. आपल्याकडे तेल लपून बसले आहे. ते वीज केंद्रात नाही, वीज गेल्यावर सुरू होणाऱ्या जनरेटरमध्ये आहे.

महाराष्ट्राला तेलापासून वीज करण्याचा अनुभव नाही असे मात्र कोणी समजू नये. गुहागरजवळचा दाभोळचा प्रकल्प आठवा. एन्रॉनच्या त्या प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, तो नॅफ्थ्यावर. नॅफ्था हा तेलशुद्धीकरणातून निघणारा पदार्थ. कच्च्या तेलाचा भाव चढला, डॉलर चढला, की दाभोळच्या विजेचा दर चढायचा. ती वीज राज्य वीज मंडळाला परवडेना आणि २००१ च्या मे महिन्यात मंडळाने ती घेणे बंद केले. त्याच महाराष्ट्रात, त्याच समुद्राच्या काठी, तारापूरच्या दोन जुन्या अणुभट्ट्या कित्येक वर्षे एका रुपयाच्या आसपास युनिट देत होत्या. दोन्ही गोष्टी एकाच राज्याने भोगल्या आहेत. त्यांची तुलना आपण फारशी केली नाही, इतकेच.

आता विट्याकडे येतो. २००५ ते २०१२ हा काळ महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागाला भारनियमनाचा काळ म्हणून आठवतो. आमच्या गल्लीत तेव्हा माणसे घड्याळ पाहून जगत नसत, लाइट पाहून जगत. मागावरच्या कामगाराला पगार मीटरवर मिळतो. माग थांबला की मीटर थांबला, मीटर थांबला की पगार थांबला. दुपारच्या वेळी कारखान्याबाहेर सावलीत बसलेले कामगार मी रोज पाहत असे. एकदा रमजानच्या दिवसांत आमच्या शेजारचे एक चाचा, रोजा धरलेले, भिंतीला टेकून बसले होते. मी विचारले, "चाचा, घरी जाऊन पडायचं ना थोडं." ते म्हणाले, "बेटा, मी घरी गेलो आणि लाइट आली तर? रोजा कसाही निघतो रे, आठवडा निघत नाही." हे वाक्य मी कवितेत घालायचा पुष्कळ प्रयत्न केला. ते कवितेत बसत नाही. ते जिथे होते तिथेच जास्त खरे आहे.

ज्यांना जमले त्यांनी डिझेलचे जनरेटर आणले. कोणी जुने इंजिन घेतले, कोणी चौघांत मिळून एक घेतले. एक लिटर डिझेलवर साधारण सव्वातीन युनिट वीज निघते. मंडळाच्या विजेपेक्षा ती कितीतरी महाग. पण पार्टीला ठरल्या तारखेला माल द्यायचा असेल, तर माणूस महाग-स्वस्त पाहत नाही. सुताचा भाव हातात नाही, कापडाचा भाव हातात नाही, आणि वर डिझेलचा भाव! त्या वर्षांत किती माग भंगारात गेले, किती तरुण गलाईच्या धंद्यात लांबच्या गावांना निघून गेले, हे विट्यात कोणालाही विचारा. तेलाचे परावलंबन हा शब्द दिल्लीत मोठा वाटतो. आमच्याकडे तो चार माग विकून गेलेल्या माणसाच्या रिकाम्या शेडसारखा दिसतो.

अणुवीज केंद्राची कार्यक्षमता म्हणजे काय, हे आता मागाच्या भाषेत सांगतो. समजा, दोन कारखानदारांकडे प्रत्येकी चोवीस माग आहेत. एकाचे माग दिवसातले वीस तास धावतात, दुसऱ्याचे बारा. कागदावर दोघेही चोवीस मागांचे मालक. पण कापड कोणाचे जास्त, आणि बँकेचा हप्ता कोणाला फेडता येतो? वीज केंद्राचेही असेच आहे. २२० मेगावॅट ही त्याची मागांची संख्या. ते वर्षभरात किती चालले, हे सांगणारा जो आकडा, त्याला प्लँट लोड फॅक्टर म्हणतात, मराठीत भारांक. २२० मेगावॅटची भट्टी वर्षभर पूर्ण चालली तर सुमारे १९३ कोटी युनिट वीज होते. भारांक ६० टक्के असेल तर ११६ कोटी, ९० टक्के असेल तर १७३ कोटी. भट्टी तीच, जमीन तीच, माणसे तीच. फरक ५८ कोटी युनिटांचा. तेवढी वीज डिझेल जनरेटरवर करायची तर सतरा-अठरा कोटी लिटर डिझेल लागेल.

अणुकेंद्राला हा हिशेब अधिकच लागू पडतो, कारण त्याचा मोठा खर्च बांधणीत असतो, इंधनात नाही. कोळशाचे केंद्र बंद राहिले तर निदान कोळसा तरी वाचतो. अणुकेंद्र बंद राहिले तर व्याज चालू आणि वीज बंद. कर्ज काढून माग घेतलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

तारापूरची कथा इथूनच सुरू होते. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने पुरवलेल्या दोन भट्ट्या १९६९ च्या ऑक्टोबरात व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. सुरुवातीला प्रत्येकी २१० मेगावॅटच्या, पुढे त्यांची क्षमता १६० मेगावॅटवर आणावी लागली. ही वीज महाराष्ट्र आणि गुजरात निम्मी निम्मी वाटून घेत. या भट्ट्यांत इंधन बदलायचे तर भट्टी बंद करावी लागते. साध्या मागावर नाही का, कांडी संपली की माग थांबवायचा, धोट्यात नवी कांडी घालायची, मग पुन्हा माग सुरू करायचा? तसेच हे.

पुढे आपण जड पाण्यावर चालणाऱ्या भट्ट्या बांधल्या, त्या ऑटोलूमसारख्या. ऑटोलूमवर माग धावत असतानाच कांडी बदलते. या भट्टीतही दोन बाजूंना दोन यंत्रे लागतात. एका टोकाने नवे इंधन आत जाते आणि दुसऱ्या टोकाने जळालेले बाहेर येते, भट्टी चालूच. २२० मेगावॅटच्या भट्टीत अशा ३०६ नळ्या असतात आणि प्रत्येक नळीत इंधनाच्या बारा जुड्या. एक जुडी अर्धा मीटर लांबीची, वजन साडेसोळा किलोच्या आसपास. म्हणजे एखाद्या पोत्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे वजन. त्या एका जुडीतून ढोबळ मानाने साडेसहा लाख युनिट वीज निघते. जनरेटरवर तेवढी वीज करायला दोन लाख लिटर डिझेल, म्हणजे वीस हजार लिटरचे दहा टँकर लागतील. एका माणसाने उचलावी अशी जुडी, आणि समोर टँकरची रांग! तारापूरलाच अशा पद्धतीच्या ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या.

आपली केंद्रे प्रत्यक्षात चालली कशी? १९९५ च्या सुमारास त्यांचा सरासरी भारांक साठ टक्क्यांच्या आसपास होता. २००२-०३ पर्यंत तो नव्वदच्या जवळ गेला. मध्यंतरीच्या सात-आठ वर्षांत जादू झाली नाही. दुरुस्तीचे दिवस आधीपासून आखले जाऊ लागले. एका केंद्रात बिघाड झाला की त्याची माहिती दुसऱ्या केंद्रांना मिळू लागली. चेर्नोबिलच्या अपघातानंतर १९८९ मध्ये जगभरच्या अणुवीज केंद्रांची एक संघटना उभी राहिली. एकमेकांची केंद्रे तपासायची आणि चुका लपवायच्या नाहीत, हे तिचे काम. त्याचाही उपयोग झाला. शिवाय ग्रीड सुधारले. नव्वदच्या दशकात विजेची वारंवारिता इतकी वरखाली व्हायची की चांगले चाललेले केंद्रही बंद पडायचे. व्होल्टेज हलले की मागाची मोटर जळते, हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे नवल वाटणार नाही.

मद्रासजवळच्या कल्पाक्कमचे उदाहरण मला फार बोलके वाटते. तिथल्या दोन भट्ट्यांत आतल्या भागांचा बिघाड झाला आणि त्या १७० मेगावॅटवर चालवाव्या लागल्या. बरीच वर्षे तसेच चालले. मग आपल्याच अभियंत्यांनी उपाय शोधला, आत नव्या नळ्या बसवल्या आणि दोन्ही भट्ट्या पुन्हा २२० वर आणल्या. नवी जमीन नाही, नवे विस्थापन नाही, आणि शंभर मेगावॅट वीज परत मिळाली. आमच्याकडे चांगला जॉबर बंद पडलेला माग उघडतो, दोन दात घासतो, एक पट्टा बदलतो आणि माग धावू लागतो. अशा जॉबरला मालक डोक्यावर घेऊन नाचत नाही, पण तो दुसऱ्याकडे जाऊ नये याची काळजी घेतो. देशालाही आपल्या जॉबरांची अशी काळजी घ्यायला हवी.

अमेरिकेचा अनुभवही हेच सांगतो. १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडचा अपघात झाला आणि तिथे नव्या भट्ट्यांचा उत्साह मावळला. १९८० च्या सुमारास त्यांच्या केंद्रांचा भारांक साठ टक्क्यांखाली होता. मग त्यांनी आहे ते नीट चालवण्यावर लक्ष दिले. १९९० ते २००० या दहा वर्षांत भट्ट्यांची संख्या ११२ वरून १०४ वर आली, आणि अणुवीज मात्र सुमारे तीस टक्क्यांनी वाढली. माग कमी झाले, कापड वाढले!

पण आपला भारांक नव्वदच्या जवळ गेला तो तिथे टिकला नाही. २००८ च्या सुमारास तो पन्नास टक्क्यांवर घसरला. यंत्रे बिघडली नव्हती. युरेनियम पुरत नव्हते. माग ठणठणीत, पण सूत नाही, अशी अवस्था. इथे तारापूरची जुनी जखम आठवते. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागते आणि ते अमेरिकेने पुरवायचे ठरले होते. १९७४ मध्ये पोखरणला अणुस्फोट झाला आणि अमेरिकेने हात आखडता घेतला. १९८० नंतर फ्रान्स, पुढे चीन, मग रशिया, असे दारोदार फिरून तारापूरचे इंधन आणावे लागले. म्हणजे तेलासाठी आखाताकडे पाहायचे आणि युरेनियमसाठी आणखी कोणाकडे? मग स्वावलंबन कुठे राहिले?

हा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तरही आहे, पण अर्धेच. २००८ च्या सप्टेंबरात अणुपुरवठादार देशांनी भारताला सूट दिली, कझाकस्तान, रशियासारख्या देशांतून युरेनियम येऊ लागले, आणि भारांक पुन्हा ऐंशीच्या घरात गेला. आता पुरवठादार एक नाही, अनेक आहेत. शिवाय युरेनियम साठवता येते. तेलाचा साठा काही आठवडे पुरतो. अणुभट्टीला वर्षानुवर्षे पुरेल एवढे इंधन एका गोदामात मावते. आणि जळालेल्या इंधनातूनही उपयोगी धातू परत काढता येतो. तारापूरला त्यासाठी वेगळा कारखाना आहे. आमच्या विट्याच्या गलाईवाल्याला हे सांगा. दागिन्यांच्या दुकानातला केर जाळून, धुऊन, गाळून त्यातले सोने काढणारा तो माणूस लगेच मान डोलवील. फरक एवढाच की त्या केराला हात लावता येतो आणि या राखेला हजारो वर्षे जपावे लागते.

आता एका भट्टीची गोष्ट सांगतो. कारवारच्या वरच्या अंगाला, काळी नदीच्या काठी, घाटातल्या दाट जंगलात कैगा आहे. कोकणी-मराठी बोलणाऱ्या मुलुखाच्या उंबऱ्यावरच म्हणा. तिथल्या पहिल्या भट्टीचे बांधकाम चालू असताना १९९४ च्या मे महिन्यात तिच्या घुमटाचे आतले काँक्रीट कोसळले. इंधन तेव्हा आत नव्हते, म्हणून किरणोत्साराचा प्रश्न आला नाही. आराखडा पुन्हा तपासला गेला, घुमट पुन्हा बांधला गेला, आणि २००० मध्ये भट्टी वीज देऊ लागली. हीच भट्टी १३ मे २०१६ रोजी सुरू झाली ती ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत थांबलीच नाही. सलग ९६२ दिवस! इंग्लंडमधल्या हेशम केंद्राचा ९४० दिवसांचा विक्रम तिने मोडला. त्या काळात तिने सुमारे ५०० कोटी युनिट वीज दिली. पुढे कॅनडातल्या डार्लिंग्टनच्या भट्टीने हाही विक्रम मागे टाकला. विक्रम मोडण्यासाठीच असतात. मला विक्रमापेक्षा तो घुमट महत्त्वाचा वाटतो. जे पडले ते का पडले हे शोधून बांधले, म्हणून ते ९६२ दिवस उभे राहिले.

मात्र सलग चालण्याचा हट्ट धोक्याचाही ठरू शकतो. मागाला तेल द्यायलाही वेळ नाही असा मालक शेवटी मागच गमावतो. अणुकेंद्रात तर माग नाही, मुलूख गमवावा लागेल. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला, केबली जळाल्या आणि सारे केंद्र सतरा तास अंधारात गेले. भट्टी बंद केली, तरी तिच्या आतली उष्णता बंद होत नाही. त्या वेळी कर्मचाऱ्यांनी आग विझवण्यासाठीचे पंप सुरू करून थंड पाणी पोहोचवले. ते पंप कशावर चालत होते? डिझेलवर! आणि ११ मार्च २०११ रोजी जपानच्या फुकुशिमात भूकंपाने भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या, पण त्सुनामीच्या पाण्यात डिझेल जनरेटर बुडाले आणि अनर्थ झाला. तेलापासून सुटका करणाऱ्या अणुकेंद्राच्या उशाशी शेवटी डिझेलचे इंजिन असतेच. त्या इंजिनाची काळजी भारांकापेक्षा आधी घ्यावी लागते.

आणि माणसांची? तारापूरच्या नव्या दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालल्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माडबन परिसरात जैतापूरचा ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प योजला गेला. २०११ च्या एप्रिलमध्ये तिथल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात साखरी नाटे गावचा एक तरुण मच्छीमार मारला गेला. साखरी नाटेची वस्ती बहुतांशी मुसलमान मच्छीमारांची, माडबनची आंबा-काजूच्या बागायतदारांची. खाडीचे पाणी तापले तर मासळी जाईल ही भीती आणि बाग जाईल ही भीती, या दोन्ही भीतींना धर्म नव्हता. विट्याचा माग चालावा म्हणून नाट्याची होडी किनाऱ्याला लागावी, असे मी म्हणू शकत नाही. म्हणूनच मला आहेत त्या केंद्रांचे तास वाढवण्याचा विचार अधिक जवळचा वाटतो. त्यात नव्याने कोणाचे घर जात नाही.

पण त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. २०२४-२५ या वर्षात देशातल्या अणुकेंद्रांनी ५,६०० कोटी युनिटांहून अधिक वीज दिली आणि भारांक ८७ टक्क्यांच्या आसपास होता. हा तोवरचा उच्चांक. आता वर चढायला जागा थोडीच उरली आहे. एकूण क्षमता सुमारे ८,८०० मेगावॅट धरली, तर भारांक एका टक्क्याने वाढला की वर्षाला ७७ कोटी युनिट वाढतात. ही रक्कम लहान नाही, पण देशाच्या विजेत अणूचा वाटा तीन टक्क्यांच्याच आसपास आहे. तारापूरच्या जुन्या दोन भट्ट्या २०२० मध्ये थांबल्या आणि नळ जोडण्या बदलण्याच्या मोठ्या कामासाठी वर्षानुवर्षे बंद राहिल्या. वय झालेल्या यंत्राला वेळ द्यावाच लागतो. २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅट अणुविजेचे उद्दिष्ट जाहीर झाले. एवढी मोठी झेप केवळ जुनी यंत्रे नीट चालवून गाठता येणार नाही, हे उघड आहे. नव्या भट्ट्या लागतील आणि त्या कोणाच्या तरी गावात लागतील. म्हणून तिथल्या माणसांचे आधी ऐकावे लागेल.

मग तेल वाचेल कसे? वीज वाढून ती तेलाच्या जागी पोहोचली तरच. याची उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २०२२ मध्ये विजेवर आला. तिथली डिझेल इंजिने मागे पडली. त्याच वर्षी १ जूनला एस.टी.ची विजेवर धावणारी 'शिवाई' पुणे ते नगर रस्त्यावर निघाली. विहिरीवर धडधडणारे ऑइल इंजिन जाऊन विजेची मोटर आली. आमच्या खानापूर तालुक्याचे तर जगणेच विजेवर आहे. कृष्णेचे पाणी टेंभूला उचलून टप्प्याटप्प्याने आमच्या माळावर चढवावे लागते. ज्या माळावर कुसळे उगवत, तिथे आता ऊस आणि द्राक्षे दिसतात. त्या पाण्याच्या बिलातला मोठा भाग विजेचा. ते बिल ८१ टक्के शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्याने भरायचे, असे सूत्र ठरवावे लागले, यातच सारे आले. आमच्याकडे पाऊस ढगातून कमी आणि तारेतून जास्त येतो.

कोणी म्हणेल, यासाठी सौरऊर्जा आहे की. जरूर आहे आणि ती वाढलीच पाहिजे. माळरानावर उन्हाला तोटा नाही. दिवसा पाणी उपसायला उन्हासारखा सोबती नाही. पण मागाला रात्रपाळी असते. सूर्य मावळल्यावर, वारा पडल्यावर, कोयनेचे पाणी उन्हाळ्यासाठी राखायचे असताना जी वीज न थकता येते, तिची किंमत रात्रपाळीच्या कामगाराला ठाऊक आहे. अणूची वीज ही अशी रात्रपाळीची वीज आहे. ती दिवसरात्र एकसारखी चालते, तोवरच तिचा उपयोग. ती वरचेवर बंद पडू लागली की तिच्यासारखे महागडे ओझे नाही. आणि ग्रामीण भागात लाइट जाणार नाही असा भरवसा जेव्हा माणसाला वाटेल, तेव्हाच तो जनरेटर विकेल. भरवशाची एक तार गावात आली की डिझेलचा एक टँकर गावाबाहेरून परत जातो. तेल आणि अणू यांचे नाते हे असे आहे, भरवशाचे.

तेव्हा श्रोतेहो, माझे म्हणणे थोडक्यात असे. नव्या प्रकल्पांची भूमिपूजने होतील, कोनशिला बसतील, मेगावॅटचे मोठे आकडे आपल्या कानांवर पडतील. त्या वेळी आपण सामान्य माणसांनी दोन साधे प्रश्न विचारावेत. पहिला, जी केंद्रे आज उभी आहेत ती गेल्या वर्षी किती दिवस चालली, आणि जी थांबली ती का थांबली? याचे उत्तर मराठीत, साध्या शब्दांत, दरवर्षी जाहीर व्हायला हवे. शाळेच्या निकालासारखे ते वर्तमानपत्रात छापून यावे. दुसरा प्रश्न, त्या केंद्राच्या कुंपणाला लागून जे गाव आहे, तिथे रात्री दिवा जळतो का आणि तिथल्या होड्या समुद्रात जातात का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर चांगले असेल तर देशाचे तेल वाचेल. दुसऱ्याचे चांगले असेल तर ती वीज निर्मळ मनाने वापरता येईल. माग चालवणाऱ्याला दोन्ही लागते. कापड विणताना उभा धागा आणि आडवा धागा, दोन्ही शाबूत असावे लागतात. एक तुटला की उरतो तो नुसता गुंता.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)